एका हाकेचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढणारे ऑस्ट्रेलियन शिपाई शत्रूवर चालून जाताना एक आरोळी देत असत. 'अप देअर, कझेली!' अशी ती आरोळी होती. आणि 'वर जा, कझेली!' एवढाच तिचा अर्थ. 'हरहर महादेव' ही रणगर्जना ज्यांच्या कानांत लहानपणापासून घुमत आली आहे, त्या आम्हां लोकांस हा प्रकार काहीसा चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. कारण कझेली हा त्या शिपायांचा देव नव्हे, राजा नव्हे, सेनापतीही नव्हे. मेलबर्न शहरच्या क्रीडांगणावर वीस वर्षांपूर्वी फुटबॉल खेळणारा तो एक गडी होता. आणि आरोळी उठत होती त्या वेळी तो जिवंत असून टास्मानिया व व्हिक्टोरिया या प्रांतांतील मुलांस खेळ शिकवून आपला चरितार्थ चालवीत होता.

रॉय कझेलीच्या कारकिर्दीचा केवळ हिशोब मांडू गेल्यास वाचकांची निराशा होण्याचा संभव आहे. व्हिक्टोरियातील श्रेष्ठ दर्जाच्या संघांचे जे मंडळ 'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग' या नावाने ओळखले जाई, त्यातील दोन संघांकडून तो खेळला. सेंट किल्डाकडून ९९ सामने आणि साउथ मेलबर्नकडून पुन्हा ९९. दोन्ही ठिकाणी शंभरी एकेका सामन्याने हुकली. लीगचे अजिंक्यपद तर त्याच्या वाट्यास कधीच आले नाही. साउथ मेलबर्नने ते १९१८ साली मिळविले, तेव्हा कझेली त्या संघात आलेला नव्हता. पुन्हा १९३३ साली मिळविले, तेव्हा तो तेथून गेलेला होता. सेंट किल्डास ते पहिल्याने लाभले १९६६ साली, म्हणजे कझेलीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. ज्यांच्या छातीवर विजयाची पदके ओळीने लटकत होती अशा कितीतरी गड्यांची नावे आज जुन्या कोष्टकांत शोधावी लागतात, आणि या पराभूत संघांच्या माणसाचे नाव मात्र एका राष्ट्राच्या बोलीत शिरून बसले. हे कसे घडले याचा विचार करण्यासारखा आहे.

त्यासाठी प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारण फुटबॉल म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे गोल चेंडू आणि हात न लावण्याचा दंडक उभा राहतो, त्याचा येथे काही संबंध नाही. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्रास पत्र लिहून अशी सूचना केली, की हिवाळ्यात क्रिकेट बंद असता खेळाडूंची शरीरे आळसावू नयेत म्हणून एखादा फुटबॉलचा क्लब काढावा. पुढील वर्षी मे महिन्यात मेलबर्न क्लबाच्या काही सभासदांनी एकत्र बसून नियम लिहून काढले. हा खेळ क्रिकेटच्याच मैदानांवर वाढला, म्हणून त्याचे क्रीडांगण आजही लंबवर्तुळाकार आहे. एकेका पक्षात अठरा गडी. चेंडू अंड्यासारखा लांबट. दोन्ही टोकांस चार चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू काढला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येते, मुठीने ठोसून सोबत्याकडे धाडता येतो. मात्र फेकता येत नाही.

परंतु प्रेक्षकांस वेड लावणारी गोष्ट यांपैकी कोणतीच नव्हे. ती म्हणजे 'मार्क'. दुसऱ्याने लाथेने उडविलेला चेंडू भुईस लागण्यापूर्वी जो झेलील, त्यास तो चेंडू विनाअडथळा मारण्याचा हक्क मिळतो. यामुळे आकाशातून खाली येणाऱ्या चेंडूभोवती दोन्ही पक्षांच्या गड्यांची दाटी होते, आणि त्या दाटीतून एखादा सर्वांच्या खांद्यांवरून वर जातो. प्रतिपक्षाच्या पाठीवर गुडघा टेकवून चढलेला गडी क्षणभर अधांतरी दिसतो. आमच्याकडे दहीहंडीच्या थरावर चढलेल्या पोराकडे खालची मंडळी ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने मेलबर्नची मंडळी या झेपेकडे पाहतात. फरक इतकाच, की हंडी जागेवर टांगलेली असते, आणि येथे ती पडत असते.

कझेलीचा जन्म १३ जानेवारी १८९३ रोजी मेलबर्नच्या दक्षिणेस अल्बर्ट पार्क येथे झाला. बाप इंग्लंडात जन्मलेला, वल्ही मारून होडी हाकण्याच्या शर्यतींत नाव मिळविलेला. आई सुईणीचे काम करी व झाडपाल्याची औषधे जाणत असे. शरीर कमावणे आणि शरीर बरे करणे या दोन विद्या अशा रीतीने त्यास घरातच लाभल्या, आणि पुढे त्या दोहोंवरच त्याने आयुष्य काढले.

त्याने आपला खेळ प्रथम कार्लटन या बलाढ्य क्लबाच्या दुय्यम संघात दाखविला. तेथे त्याचा खांदा दुखावला. क्लबाच्या वैद्यकीय मंडळींकडून त्याची दाद लागली नाही, म्हणून तो तेथून निघून गेला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. मग त्यास आसरा मिळाला तो सेंट किल्डात. हा संघ म्हणजे त्या काळच्या लीगमधील दुर्दैवाचे माहेरघर होय. १८९७ साली आठ क्लबांच्या या लीगचे सामने सुरू झाले, तेव्हापासून सेंट किल्डाने आपले पहिले अठ्ठेचाळीस सामने ओळीने गमावले होते. आणि १९०० साली पहिला विजय पदरात पडला तोही बरोबरीत सुटलेल्या सामन्यावर तक्रार केल्यामुळे! १९११ साली या क्लबाचे गडी आणि चालक समिती यांच्यात तंटा होऊन नेहमीच्या गड्यांनी संप केला, आणि समितीस नवख्या पोरांना उभे करणे भाग पडले. त्या पोरांत अठरा वर्षांचा रॉय कझेली होता. संपामुळे ज्याचा प्रवेश झाला असा हा गडी पुढे दहा वर्षे तेथे टिकला.

दहा वर्षांत ९९ सामने ही संख्या लहान वाटते खरी. परंतु मधली वर्षे कोणती होती हे ध्यानात घेतले पाहिजे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. सेंट किल्डाचे रंग तांबडा, पांढरा व काळा असे होते, आणि जर्मन साम्राज्याच्या निशाणाचे रंगही नेमके तेच! तेव्हा १९१५ साली क्लबाने पांढरा काढून त्या जागी पिवळा घातला. म्हणजे बेल्जमच्या निशाणाचे रंग झाले. युद्धाने खेळावर कसे सावट धरले हे दाखविण्यास एवढी गोष्ट पुरे. पुढच्या वर्षी तरुणांनी रणांगण सोडून मैदानावर का धावावे, असा प्रश्न सगळीकडे उठला, आणि १९१६ साली लीगमध्ये अवघे चार संघ उरले. (त्या चारांत शेवटचा क्रमांक मिळविलेला फिट्झरॉय अखेरच्या सामन्यांच्या पद्धतीमुळे त्याच साली अजिंक्यही ठरला; क्रीडेच्या इतिहासात असा विनोद क्वचित आढळेल.) सेंट किल्डाने १९१६ व १९१७ ही दोन्ही वर्षे खेळ बंद ठेवला. गड्याच्या अंगात जेव्हा सर्वांत अधिक रग असते त्या तेवीस-चोविसाव्या वर्षी कझेलीस लीगचा एकही सामना खेळावयास मिळाला नाही. हजारो तरुणांचे याहून फार मोठे नुकसान त्याच दिवसांत झाले, तेव्हा या नुकसानीविषयी हळहळ करण्याचे कारण नाही. परंतु कोष्टकातील आकडा वाचताना त्यामागील दोन कोरी पाने विसरू नयेत, इतकेच आमचे म्हणणे.

१९२१ साली तो साउथ मेलबर्न संघात गेला, आणि येथून खऱ्या कथेस आरंभ होतो. या संघाचे क्रीडांगण अल्बर्ट पार्कच्या तळ्याकाठी होते. म्हणजे कझेली जन्मस्थानी परत आला असेच म्हटले पाहिजे. वय अठ्ठावीस, उंची पाच फूट अकरा इंच. आमच्या दृष्टीने हा चांगला उंचापुरा मनुष्य; पण त्याने पत्करलेल्या कामास ही उंची बेताचीच होती. ते काम असे : अठरा गड्यांपैकी पंधरांच्या जागा ठरलेल्या असतात, उरलेले तिघे मात्र चेंडू जाईल तेथे त्याच्या मागे मैदानभर धावतात. त्यांपैकी दोघे धिप्पाड असावेत, त्यांनी उंच चेंडूसाठी झगडावे. आणि तिसरा चपळ व ठेंगणा असावा, त्याने खाली पडलेला चेंडू टिपून पळावे, असा संकेत. साउथ मेलबर्नमध्ये धिप्पाडांपैकी एक कझेली, दुसरा फ्रेड फ्लायटर, आणि चपळ तिसरा मार्क टॅन्डी. प्रतिपक्षास धडकी भरविणारे त्रिकूट म्हणून हे तिघे पुढे प्रसिद्ध झाले.

कझेलीपेक्षा चारसहा बोटे उंच असे प्रतिस्पर्धी त्याच्या समोर उभे राहत. निसर्गाने न दिलेली ही चार बोटे त्याने कशी मिळविली? घराच्या मागील छपरात त्याने आढ्यास एक चेंडू टांगून ठेवला होता. त्याखाली उभे राहून तो उडी मारी. हातास चेंडू सहज लागू लागला की दोरी वर घेई. धूम्रपानास तो शिवत नसे, आणि आहाराविहाराविषयी त्या काळच्या फुटबॉलच्या गड्यांत विरळा असा कडकपणा पाळी. त्याशिवाय त्याची एक खास समजूत होती. उडी घेतेवेळी छाती भरून श्वास ओढला म्हणजे फुगलेली फुप्फुसे शरीरास अधिक उंच नेतात, असे तो मानीत असे.

शास्त्रदृष्ट्या पाहता ही समजूत टिकण्यासारखी नाही. बाहेरची हवा छातीत घेतल्याने शरीर हलके होत नाही; फुग्यास वर नेणारी हवा वेगळी. परंतु एवढ्याने हसून ती टाकून देणे बरे नव्हे. आमच्या तालमीतला वस्ताद शिष्यास पहिला धडा 'दम' सांभाळण्याचा देतो. हुतूतूचा गडी दम तुटला की बाद होतो. श्वास रोखला असता धड ताठ राहते, मन एका बिंदूवर येते, आणि उडी कोणत्या क्षणी घ्यावयाची तो क्षण शरीर आपोआप ओळखू लागते. अशा झेलीत उंचीइतकाच, किंबहुना उंचीहून अधिक, वेळेचा प्रश्न असतो. शेजारचा सहा फुटी गडी अर्धा पळ अगोदर उडाला तर कझेली वर जात असता तो खाली येत असतो. कझेलीने कारण चुकीचे सांगितले, पण कृती अचूक केली, असे आमचे मत आहे.

आणि याच ठिकाणी ती हाक येते. उडणाऱ्या माणसाची नजर आकाशातील चेंडूवर खिळलेली असते. भोवती कोण आहे, कोण धक्का देण्याच्या बेतात आहे, हे त्यास दिसत नाही. ते पाहण्याचे काम फ्लायटरचे. प्रतिपक्षाचे लोंढे आपल्या अंगावर घेऊन कझेलीभोवती जागा मोकळी ठेवावयाची, आणि चेंडू कक्षेत आला की ओरडावयाचे, 'अप देअर, कझेली!' आज ज्यास आपण घोषणा समजतो ती मुळात कामाची सूचना होती. मोट हाकणाऱ्याने बैलास द्यावी किंवा ओझे उचलताना हमालांनी एकमेकांस द्यावी तशी. पहिल्याने ती फक्त फ्लायटरच्या तोंडी होती. मग कुंपणाबाहेरच्या प्रेक्षकांनी ती उचलली. चेंडू कझेलीच्या दिशेने निघाला, की हजारो कंठांतून एकच आवाज निघू लागला. तेथून ती ट्रॅममध्ये, गोदीत, शाळांच्या अंगणांत गेली. आणि हळूहळू तिचा फुटबॉलशी संबंध सुटून, उंच शिडीवर चढणाऱ्या गवंड्यासही 'वर जा, कझेली' म्हणून धीर देता येईल अशी ती वस्तू झाली.

आमच्या मराठीत 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' अशी म्हण आहे. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार ज्याने अडविला, त्या जिवा महालाचे नाव त्या म्हणीने महाराजांच्या नावाशेजारी बसविले. ऑस्ट्रेलियन लोकांच्या म्हणीत ही न्यायबुद्धी दिसत नाही. हाक मारणारा फ्लायटर, वार अंगावर घेणारा फ्लायटर. आणि नाव उरले ते फक्त ज्यास हाक मारली त्याचे. टॅन्डीची गोष्ट तर बोलावयासच नको. कझेलीने वरून खाली टाकलेले चेंडू तो टिपीत होता म्हणून त्या उड्यांचे गुण झाले. पण खाली वाकणाऱ्याकडे पाहण्यास लोकांस सवड कोठली? आम्ही यात कझेलीस दोष देत नाही. तो काही स्वतःच्या नावाची आरोळी ठोकीत हिंडत नव्हता. परंतु जनतेची स्मृती एका वेळी एकच माणूस उचलते, हे त्रिकुटाच्या बाबतीत फार ठळकपणे दिसून येते.

१९२२ साली संघाच्या शिक्षकाचेही काम त्याने केले. व्हिक्टोरियाच्या निवडक संघातून इतर प्रांतांविरुद्धही तो खेळला. असे असता १९२५ साली तो एकाएकी मेलबर्न सोडून मिनिप नावाच्या गावी गेला. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेस विमेरा म्हणून गव्हाचा मुलूख आहे, तेथले हे लहानसे गाव. अशा गावांतील क्लब शहरातील नामांकित गड्यास शिक्षक म्हणून बोलावीत व चांगला मोबदला देत. ज्याचे नाव रस्तोरस्ती गाजत आहे त्याने पिकांच्या मुलुखात जाऊन पोरांस उडी शिकवावी, हे आज विचित्र वाटते. पण तो काळ ध्यानात घ्यावा. लीगने गड्यांस पैसे घेण्याची उघड परवानगी १९११ साली दिली. पण १९३० साली पुन्हा नियम करून एका सामन्याचे फार तर तीन पौंड अशी मर्यादा घातली. कीर्ती कितीही असो, तिच्यावर घर चालत नसे. वर्षभराने तो परत आला, १९२६ व १९२७ हे दोन हंगाम साउथ मेलबर्नकडून खेळला, आणि चौतीस वर्षांचा असता लीगमधून बाहेर पडला.

त्यापुढील भटकंती सविस्तर सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. लॉन्सेस्टन, मेलबर्नमधील प्रेस्टन, होबार्ट, पुन्हा मेलबर्न. जेथे बोलावणे येईल तेथे जावे, खेळावे आणि शिकवावे. १९३७ व १९३८ साली साउथ मेलबर्नचा शिक्षक म्हणून तो परतला, तेव्हा जुन्या पुण्याईचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या वर्षी तो संघ तळाशी गेला. १९४१ साली कॅम्बरवेल या क्लबाकडून तो मैदानावर उतरला, तेव्हा त्याचे वय अठ्ठेचाळीस होते. त्याच सुमारास वाळवंटात त्याच्या नावाची आरोळी उठत होती! सीमेवरच्या शिपायांच्या मनात जो कझेली सदाचा अठ्ठाविशीत उडत होता, तो प्रत्यक्षात मेलबर्नच्या चिखलात आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर धावत होता.

पुढील दोन वर्षे तो हॉथॉर्न संघाचा शिक्षक झाला. या दुबळ्या संघास लोक 'मेब्लूम्स' म्हणत. हॉथॉर्न नावाच्या झुडपास वसंतात जी नाजूक फुले येतात त्यांचे हे नाव. कझेलीस ते पटले नाही. फुलांच्या नावाने कोणी भितो काय, असा विचार करून त्याने 'हॉक्स', म्हणजे ससाणे, हे नाव रूढ केले. झेप हेच ज्याच्या आयुष्याचे सार, त्याने पक्ष्याचे नाव सुचवावे हे स्वाभाविक होय. १९४३ साली त्या संघाची अखेरच्या चौघांतील जागा केवळ सरासरीच्या फरकाने हुकली. संघ पुढे बलाढ्य झाला, आणि ससाण्याचे नाव त्यास चिकटले ते कायमचे.

त्याची अखेरची वर्षे टास्मानियात होबार्ट येथे गेली. तेथे न्यू टाउन क्लबास तो शिकवी, शर्यतीचे घोडे तयार करी, आणि दुखावलेले स्नायू व सांधे चोळून बरे करण्याचा व्यवसाय करी. लहानपणी ज्याच्या खांद्याकडे कोणी पाहिले नव्हते, त्याच्या दाराशी आता खांदे धरून माणसे येत. १० ऑक्टोबर १९६३ रोजी तो सत्तर वर्षांचा होऊन वारला.

हाक मात्र चालूच राहिली. १९५५ साली मेलबर्नमध्ये रंगभूमीवर आलेल्या रे लॉलर यांच्या 'समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल' या नाटकातील पात्रांच्या तोंडी ती आहे. १९७९ साली माइक ब्रेडी यांनी दूरचित्रवाणीवरील फुटबॉलच्या जाहिरातीसाठी तिच्यावर एक गाणे रचले, आणि ते त्या वर्षी साऱ्या देशात सर्वांत अधिक खपले. साउथ मेलबर्नचा संघ १९८२ साली सिडनीस हलविण्यात आला. तळ्याकाठच्या क्रीडांगणावर लीगचा फुटबॉल उरला नाही. १९९६ साली या खेळाच्या थोर पुरुषांचे सन्मानदालन उघडले, तेव्हा 'आख्यायिकापुरुष' या सर्वोच्च पदवीसाठी जे पहिले बारा निवडले, त्यांत कझेली होता. फ्रेड फ्लायटर त्या बारांत नव्हता.

ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी आली १९५६ साली. कझेलीची झेप तिने पाहिलेली नाही. १९२७ च्या हंगामात बापाच्या खांद्यावर बसून ती पाहणारे दहा वर्षांचे मूल १९७९ साली बासष्ट वर्षांचे झाले असेल. ते गाणे घराघरांतून मुले म्हणू लागली, तेव्हा त्यातील नावाचा माणूस प्रत्यक्ष वर जाताना पाहिलेले लोक त्या घरांत आजोबांच्या खुर्चीवर बसलेले होते.